1420 मेगाहर्ट्‌झचा भोंगा: पावसाळ्यातल्या नोंदी

मागची नोंद मे महिन्यातली. तेव्हा भोंगा, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी पकडणारा नरसाळ्यासारखा ॲन्टेना, नुसता सांगाडा होता. आता तो चालतोय, हंस तारकासमूहातला हायड्रोजन त्यात स्वच्छ दिसलाय, आणि मधल्या काळात सिग्नलच्या आलेखावरच्या एका सुळक्याने माझी झोप उडवली होती. सुळक्याची हकिगत जरा सविस्तर लिहिणार आहे. पृथ्वीबाहेर कुणी आहे का, हे ज्याला ऐकायचंय त्याला असा सुळका कधी ना कधी भेटणारच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मी आचऱ्याला राहते, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मिरग लागला की दुर्बीण पेटीत जाते ती थेट दसऱ्याला बाहेर येते, आणि तेवढ्यात भिंगावर बुरशी धरली नाही तर नशीब. पण अवकाशातल्या हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या, म्हणजेच शीर्षकातल्या 1420 च्या, रेडिओ लहरी ढगांतून आरपार येतात. चार महिने आभाळ बंद असणाऱ्या गावात छंद चालू ठेवायचा तर हीच वाट.

जूनअखेर: जुळणी

भोंग्याच्या बुडाची पेटी (वेव्हगाइड) बाजारात पन्हळी करून देणाऱ्या काकांकडून वाकवून घेतली. आतलं माप 16.5 बाय 8.25 सेंटिमीटर. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "याच्यातून पाणी कुठे जाणार?" आत तांब्याची तार, लांबी 5 सेंटिमीटरच्या आसपास, मागच्या भिंतीपासून 6.9 सेंटिमीटरवर. पुष्कळ जण इथे 5.3 धरतात. मोकळ्या हवेतल्या लहरीचा पाव भाग तेवढा येतो, पण पेटीच्या आत लहर ताणली जाऊन 27.4 सेंटिमीटरची होते, त्यामुळे पाव भाग 6.9 धरायला हवा. मीही आधी 5.3 वर भोक पाडलं होतं. ते बुजवून नवं पाडलं, आणि सिग्नल लगेच सुधारला.

पुढचं तोंड 75 बाय 60 सेंटिमीटर, थर्माकोलच्या जाड पाट्यांवर ॲल्युमिनियम फॉइल लावून केलेलं. एका वेळी आकाशाचा साधारण 20 अंशांचा तुकडा दिसतो. त्यामागे 1420 चा फिल्टर असलेला ॲम्प्लिफायर, आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीत बसणारा छोटा रेडिओ) आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. पाय बॅटरीवर चालतो, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तोंडावर पातळ प्लास्टिक ताणलंय. वाडीत त्याला भोंग्याचं इरलं म्हणतात. इरल्याची गरज मला इतिहासातूनच कळली. 1951 च्या मार्चमध्ये हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी हायड्रोजनची ही रेषा पहिल्यांदा पकडली, ती खिडकीबाहेर काढलेल्या अशाच एका भोंग्याने. पाऊस आला की तो भोंगा नरसाळ्यासारखा पाणी गोळा करून प्रयोगशाळेत ओतायचा. तिथल्या पावसात ही गत, मग आमच्या पावसात काय होईल! इरल्यावर थेंब साचले की गोंगाटाची पातळी किंचित चढते. म्हणून भोंगा तिरका ठेवते आणि मुसळधार सरींतल्या नोंदी गाळते.

जुलै: मोजमाप

भोंगा जमिनीकडे आणि मग आकाशाकडे करून दोन्हींतला फरक मोजला, 4.9 डेसिबल आला. म्हणजे यंत्रणेचं तापमान (तिच्या गोंगाटाचं माप, कमी तितकं चांगलं) सुमारे 140 केल्विन. घरगुती जुळणीला हे चांगलं आहे, मी खूश आहे.

त्याच रात्री एक गणित करून बघितलं, आणि ते इथे मांडावंसं वाटतं. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या मोठ्या रडारचा झोत ज्या दिशेला असे, त्या दिशेला त्याचा प्रभाव सुमारे 20 लाख कोटी वॉटच्या सर्वदिश प्रक्षेपकाइतका होता. माणसाने आकाशात सोडलेल्या सर्वांत जोरकस रेडिओ हाकांपैकी ती एक. तेवढाच जोरकस झोत कुणी 1420 वर नेमका आपल्याकडे रोखला, आणि मी पाच मिनिटं एक हर्ट्‌झच्या अरुंद पट्टीत ऐकलं, तर माझा भोंगा तो किती लांबून ओळखेल? जेमतेम सव्वा प्रकाशवर्षावरून. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा 4.2 प्रकाशवर्षांवर आहे.

हा आकडा कळल्यावर मला उलट बळ आलं. "इतकी वर्षं ऐकतायत, कुणी बोललं नाही, म्हणजे कुणी नाहीच" असं म्हणणाऱ्यांना आता माझ्याकडे ठोस उत्तर आहे. 2018 मध्ये जेसन राइट, शुभम कनोडिया आणि एमिली लुबार या खगोलशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता. दिशा, अंतर, कंप्रता, सिग्नलची ताकद, पट्टीची रुंदी असं सगळं धरून, शोधायचं ते सारं म्हणजे पृथ्वीवरचे सगळे समुद्र मानले, तर आतापर्यंत तपासलेलं पाणी सात-आठ हजार लिटर भरतं. आमच्या वाडीच्या विहिरीतसुद्धा याहून जास्त पाणी असतं. तेवढ्या पाण्यात मासा मिळाला नाही म्हणून आचऱ्याच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्रात मासाच नाही असं कोण म्हणेल? कुणीतरी असावं असं मला मनापासून वाटतं. पण माझं वाटणं हा पुरावा नाही, म्हणून ही वही.

ऑगस्टचा पहिला आठवडा: सुळका

तीन तारखेला रात्री आठनंतर 1420.4 च्या जरा वर एक बारीक, उंच सुळका उभा राहिला. हायड्रोजनचा उंचवटा पसरट असतो, वायू वेगवेगळ्या वेगांनी फिरत असल्यामुळे. इतकी अरुंद रेघ निसर्ग सहसा काढत नाही. शिवाय 1400 ते 1427 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथे कुणी प्रक्षेपण करायचंच नाही. 1959 मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी दुसऱ्या जगाची हाक याच रेषेपाशी ऐका असं सुचवलं होतं. हात गार पडले होते, हे कबूल करते.

पहिला संशय होड्यांवर गेला. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपते, सुळका दिसला तीन ऑगस्टला. पण होड्यांचे वायरलेस 156 मेगाहर्ट्‌झच्या आसपास आणि रडार 9 गिगाहर्ट्‌झच्या वर. जुळेना.

दुसरी कसोटी पृथ्वीच्या फिरण्याची. सिग्नल खरंच आकाशातला असेल तर आपल्या स्वतःभोवती फिरण्यामुळे त्याची कंप्रता सेकंदाला 0.15 हर्ट्‌झपर्यंत सरकेल, तासाला फार तर साडेपाचशे हर्ट्‌झ. पण माझ्या डाँगलचा स्फटिकच खोलीच्या गरमीनुसार हजार-दीड हजार हर्ट्‌झ इकडेतिकडे होतो. ही कसोटी माझ्या हातात नव्हती.

उरलं घड्याळ. आकाशातली गोष्ट रोज चार मिनिटं लवकर डोक्यावर येते. हंसातला हायड्रोजनचा उंचवटा सात दिवसांत अठ्ठावीस मिनिटांनी अलीकडे आला. सुळका सातही दिवस आठलाच. तारे आपल्या घड्याळाने चालत नाहीत, तेव्हा हे काम माणसाचं.

मग परग्रहावरचे सिग्नल शोधणारे खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांची युक्ती वापरली. 1960 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या 26 मीटरच्या थाळीने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावताना त्यांना अचानक जोरदार ठोके ऐकू आले. नंतर त्यांनी एक लहान भोंगा वेगळा ठेवला. ताऱ्याचा सिग्नल फक्त थाळीत येणार, दोन्हींत आला तर तो जमिनीवरचा. ठोके दोन्हींत आले. मीही एक साधा ॲन्टेना पडवीत लावला. सुळका त्यातही होता, भोंग्यातल्याहून उंच.

उलगडा अकरा तारखेच्या वादळात झाला. नऊ वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली. पाय बॅटरीवर चालू, आणि त्याच क्षणी सुळका गायब. लाईट परत आल्यावर चार मिनिटांनी तो पुन्हा हजर! वाडीतली कुठली वस्तू चालू व्हायला इतका वेळ घेते? टीव्हीचा सेट टॉप बॉक्स.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छोटा ॲन्टेना आणि लॅपटॉप घेऊन घरोघर फिरले. शेजारच्या काकींच्या पडवीत सुळका छताला लागला. छतावरच्या थाळीपासून बॉक्सपर्यंतच्या केबलमध्ये 950 ते 2150 मेगाहर्ट्‌झचे सिग्नल असतात, म्हणजे आमचा 1420 बरोबर त्यात येतो. बॉक्सच्या ट्यूनरची स्वतःची कंप्रता खाऱ्या हवेने गंजलेल्या जोडणीतून बाहेर झिरपत होती. काकी आठला मालिकेचा चॅनेल लावत, तेव्हाच ती नेमकी 1420 च्या वर बसायची. चॅनेल बदलला की सुळका जायचा. जोडणी कापून नवी बसवली, वर रबरी टेप गुंडाळली. काकींनी चहा दिला आणि विचारलं, "काय गो, कोण बोलता काय त्या भोंग्यात?" म्हटलं, अजून नाही काकी.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या 64 मीटरच्या रेडिओ दुर्बिणीलाही कित्येक वर्षं असेच गूढ ठोके येत होते. 2015 मध्ये कळलं की चालू मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार मध्येच उघडलं की ते येतात. माझ्या वहीत हे मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

15 ऑगस्टनंतर: हंस

सुळका गेल्यावर पट्टा मोकळा झाला. रात्री साडेअकराच्या सुमारास हंसातली आकाशगंगा उत्तरेकडे 66 अंशांवर येते. भोंगा तिथे रोखून पंचवीस मिनिटांची सरासरी घेतली, पृथ्वीची आणि सूर्याची गती वजा केली. तीन उंचवटे आले. एक शून्याजवळ, म्हणजे आपल्या आसपासचा वायू. दुसरा सेकंदाला सुमारे 40 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणारा, आकाशगंगेच्या ययाति (पर्सियस) भुजेतला. तिसरा 80 च्या आसपास, बुटका पण सलग पाच रात्री त्याच जागी. तो बाहेरच्या भुजेचा. बाहेर पाऊस कोसळत होता, पागोळ्यांचा आवाज कानांत आणि समोर पडद्यावर आकाशगंगेची बाहेरची भुजा. मी बराच वेळ हलले नाही.

पुढचं

डाँगलला जीपीएसवर बांधलेलं घड्याळ जोडायचंय, म्हणजे सरकण्याची कसोटीही घेता येईल. पडवीतला ॲन्टेना आता कायमचा. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला घाट चढून खोडदला जाणार, तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या तीस थाळ्या पुन्हा बघायला. ज्यांनी वेव्हगाइडऐवजी गोल डबा वापरलाय त्यांनी डब्याचा व्यास आणि तारेचं अंतर कळवा, मला दुसरा भोंगा हलका करायचाय. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी जोडण्यांवर काय लावता तेही लिहा. माझी रबरी टेप तीन आठवड्यांतच कडेने सुटायला लागलीय.