तुम्ही विचारलंत म्हणून: घडाघडा वाचतं, पण कळत काहीच नाही, काय करू?

पालकसभेला हा प्रश्न हमखास येतो. पोरगी घडाघडा वाचते हो मॅडम, पण काय वाचलंस विचारलं की गप्प. बरं, तुम्ही विचारता काय, तर "तात्पर्य सांग". अहो, ते मलापण पटकन सांगता येत नाही.

आमची शाळा बीडकडची, दिवाळीच्या आसपास कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात ती पार मार्च-एप्रिलपर्यंत. तिसरीला एक गोष्ट वाचत होतो, एक मुलगी सुट्टीत मामाकडे निघालीय, आदल्या रात्री पिशवी भरतीय वगैरे. मी विचारलं, तुम्ही निघता तेव्हा काय काय भरता? झालं, एकच कालवा, पातेली, पीठ, अंथरुणं, कोपीसाठी, म्हणजे तिथल्या झोपडीसाठी ताडपत्री, कुणाची तर कोंबडीपण ट्रॅक्टरमध्ये. आता इथंच सोडलं तर नुसत्या गप्पा होतात आणि गोष्ट राहते बाजूला, म्हणून म्हटलं परत पुस्तकात बघा, हिनं काय भरलंय. दोन फ्रॉक, कंगवा, मामीसाठी लाडू. मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, हिनं भांडी नाय घेतली, म्हंजी ही लगीच माघारी येणार." हे गोष्टीत कुठंही लिहिलेलं नव्हतं! आणि ही पोरगी जोडाक्षराला अजून अडखळते.

1988 साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं होतं, तर वाचन कच्चं पण बेसबॉल पक्का असलेल्या पोरांना ते जास्त कळलं, वाचनात हुशार पण खेळाची माहिती नसलेली मागे पडली. आपल्याकडे क्रिकेटची बातमी देऊन बघा.

समुद्राचा धडा आला तर मात्र मी ओढूनताणून गावतळ्याशी जोडत नाही, सरळ मोबाईलवर व्हिडिओ दाखवते. आणि वडिलांवरचा धडा असला तर "तुझे बाबा कसे आहेत" हे वर्गात सगळ्यांसमोर विचारत नाही, प्रत्येकाच्या घरचं आपल्याला कुठं माहीत असतं.

घरी एवढंच करा, वाचता वाचता मध्येच विचारा, आपल्याकडे असं असतं का, आणि नसलं तर यांच्याकडे का असेल. दुसरा प्रश्न सोडू नका, खरं काम तोच करतो. फक्त उत्तर वहीत लिहायला लावू नका, लिहायचं म्हटलं की पोरं "मलापण खूप मजा आली" लिहून मोकळी होतात.