पांढरी पायपिंग गुलाबी झाली

इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये मी काम करतो. परवा एक मरून सुती कुर्ता परत आला. गळ्याची पांढरी पायपिंग पहिल्याच धुण्यात गुलाबी झालेली. ज्या बाईंनी घेतला होता त्यांनी आधी मिठाच्या पाण्यात भिजवला होता, तरीही. डाईंग मास्टर लगेच म्हणाले, "गरम पाण्यात घातला असणार." तक्रार आली की आमच्याकडे आधी गिऱ्हाइकाची बादली निघते, मशीनची नोंदवही नंतर. मला याची चीड येते.

आतल्या शिवणीतला तुकडा कापून पांढऱ्या सुती कापडाबरोबर साबणाच्या पाण्यात उकळला. पाणी डाळिंबाच्या रसासारखं झालं. दुसऱ्या पाण्यात फिकट गुलाबी, तिसरं स्वच्छ. तुकडा वाळवून कुर्त्याशेजारी धरला, तर शेड जवळजवळ तीच. म्हणजे धाग्याला धरलेला रंग हललाच नव्हता. सुटला तो नुसता येऊन बसलेला.

रिअॅक्टिव्ह रंगाचं हेच आहे. सोडा घातला की तो सुताशी रासायनिक बंध जोडतो, पण त्यातला काही पाण्याशीच जुळून बाद होतो. दिसायला तोच मरून, पण पक्का कधीच होत नाही. तो काढायचं काम आमचं: आधी थंड पाण्यानं मीठ घालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोपिंग, म्हणजे साबणाची धुलाई. क्रम चुकवायचा नाही, कारण मीठ असेपर्यंत बाद रंगही कापड सोडत नाही. रंगवताना मीठ घालतात ते रंग पाण्यातून कापडावर ढकलायलाच. बाईंच्या बादलीतही मिठानं तेवढंच केलं, रंग दाबून ठेवला. साध्या पाण्यात तो सुटला आणि शेजारच्या पांढऱ्या सुतानं ओढून घेतला.

नोंदवही काढली. त्या रात्री बॉयलरला वाफ कमी. सोपिंग दोनऐवजी एकच, तेही 70 अंशांवर. शेड जुळली म्हणून लॉट पुढे गेला. शेड बघायला मालक स्वतः उजेडात येतात. धुलाईला पाणी, वाफ, वेळ लागतो म्हणून काटछाट तिथेच होते.

फास्टनेस रिपोर्टवर, म्हणजे रंगाच्या पक्केपणाच्या दाखल्यावर, सही माझी आहे. डाग जोखायच्या ग्रे स्केलवर पाचपैकी 4-5, म्हणजे डाग जवळपास नाहीच. पण त्या चाचणीचा तुकडा लॅबमध्ये रंगवलेला, नीट उकळून धुतलेला होता. लॉटमधला मागितला, आला नाही. गाडी दारात उभी होती, मी सही केली.

उरलेल्या ताग्यांचे नमुने आज उकळायला लावलेत. दुकानात गेलेला माल परत मागवा, असं मालकांना लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही.