आमची वाटचाल : नोझल, वेबसाईट आणि २०२३ चा हंगाम

पिंपळगाव बसवंतला आमचं फवारणीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एचटीपी म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपाचे वॉशर, पिस्टन कप, ब्लोअरचे (पंख्याच्या हवेने फवारणाऱ्या यंत्राचे) नोझल, नोझलमधल्या भोकाच्या सिरॅमिक चकत्या, गाळण्या, होज, गन, सगळं मिळतं. निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराला आमची ओळख करून द्यायची गरज नाही. तरीही हे लिहितोय, कारण हा धंदा एकदा बुडायच्या कडेला गेला होता आणि त्यात मालाचा किंवा उधारीचा काही दोष नव्हता. गूगल सर्चमधून आमच्या वेबसाईटवर येणारा माणूस ऐन हंगामात, पंधरवड्याच्या आत यायचा थांबला होता.

वेबसाईट सुरू केली २०१३ साली. ती माझे भागीदार आणि मावसभाऊ नाना यांची कल्पना. नाना आधी नाशिकच्या एका छापखान्यात डीटीपी करायचे. नोझल कसा तपासावा याचं एक पत्रक आम्ही गिऱ्हाइकांना फुकट वाटायचो, ते त्यांनीच श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये, बसवलेलं. तेच नेटवर टाकू म्हणाले. श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय होतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. वेलांट्या उड्या मारतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि ‘फवाऱ्याचा’ लिहिलेलं ‘फवार्याचा’ होतं. फोनवर नीट टाईप करून शोधणाऱ्याला अशा मथळ्याचं पान सापडणार कसं? कन्व्हर्टरवर विसंबून न राहता नानांनी एकेक ओळ हाताने दुरुस्त केली. रात्री दुकान बंद झाल्यावर. मराठी वेबसाईट चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे कष्ट घेतलेत, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

आम्ही लिहिलं ते फक्त करून पाहिलेलं. प्रत्येक नोझलखाली मापाचा जार धरायचा, एक मिनिट पाणी घ्यायचं, नव्या नोझलशी ताडून पाहायचं. प्रवाह दहा टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर चकती बदलायची, डोळ्यांना भोक गोल दिसत असलं तरी. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारणाऱ्यांची पितळी चकती सिरॅमिकपेक्षा किती लवकर झिजते, हेही शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख पिवळ्या कागदाचा. पाणी पडेल तिथे निळा होणारा तो कागद पानाच्या खालच्या बाजूला अडकवायचा, कारण डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची पांढरी बुरशी खालूनच दिसते, आणि ब्लोअर फिरवून मग ठिपके बघायचे. दुकानामागच्या बागेत आम्ही हे केलं. फोटोत कागद धरलेला अंगठा नानांचा आहे, नखावर पंपाच्या झाकणाने चेमटल्याचा काळा डाग असलेला.

उगावच्या तात्यांबद्दल लिहिलं नाही तर ही वाटचाल अर्धी राहील. वेबसाईटवरून पहिली ऑर्डर त्यांची. थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग, वेली मांडवाऐवजी वाय आकाराच्या आधारावर चढवलेली, आणि माणूस इतका चिकित्सक की लेख वाचून झाला की फोन ठरलेला. ‘मांडवाच्या बागेला हाच आकडा चालेल का रे, ते लिहिलं नाही तू.’ मग आम्ही ते तपासून लिहायचो. आमच्या निम्म्या लेखांमधला दुसरा परिच्छेद तात्यांच्या प्रश्नातून आलेला आहे. नवीन नोझल आला की पहिली चाचणी त्यांच्या दोन ओळींवर. कधी पैसे मागितले नाहीत, कधी उधार नेलं नाही.

सर्चमध्ये कुणाला वर दाखवायचं याचे गूगलचे नियम तेव्हाही बदलत होतेच. ‘पांडा’ नावाचा बदल २०११ चा आणि ‘पेंग्विन’ २०१२ चा, म्हणजे आमच्या आधीचे. एप्रिल २०१५ मध्ये गूगलने मोबाईलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाईल सर्चमध्ये वर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा नानांनी नोझलचे सगळे तक्ते मोडून उभे केले. आमचा वाचक बागेत उभा राहून एका हाताने फोन बघतो, त्याला आडवा तक्ता सरकवत बसायला वेळ नसतो. २०१८ मध्ये मराठी साईटना ॲडसेन्स, म्हणजे गूगलच्या जाहिराती, मिळू लागल्या आणि सर्व्हरचा खर्च त्यातून निघू लागला. पुढची चार-पाच वर्षं बरी गेली. ऑर्डर सांगली, सोलापूर, इंदापूरकडूनही येत होत्या.

डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत ‘अनुभव’ हा निकष नव्याने घातला. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, हे बघायचं. नाना ते वाचून म्हणाले, आता आपले दिवस आले.

मग आला २०२३ चा सप्टेंबर. गूगलचा ‘हेल्पफुल कंटेंट’ नावाचा बदल १४ तारखेला सुरू झाला आणि २८ ला पूर्ण झाला. द्राक्षवाल्यांना या तारखांचा अर्थ सांगायला नको. फळछाटण्या चालू असतात, पोंगा (छाटणीनंतरची नवी फूट) फुटायच्या आत प्रत्येक जण ब्लोअर उघडून बसतो. आमची वर्षाची कमाई त्या दहा-बारा आठवड्यांची. सर्चमधून किती जण आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमधला क्लिकचा आलेख आधी हलला, मग खाली आला, मग निम्म्याच्याही खाली जाऊन तिथेच पडून राहिला. सरासरी क्रमांक पडला होता. लोक तेच शोधत होते, फक्त आम्ही पहिल्या पानावर नव्हतो. दुकानात फोनसाठी एक वही असते, तिच्यात ‘कुठून कळलं’ असा रकाना आहे. त्या रकान्यात ‘नेटवर वाचलं’ दिसेनासं झालं.

हंगामाचा माल जुलैतच भरलेला होता. चकत्यांची खोकी पोटमाळ्यापर्यंत, पुढच्या तारखांचे चेक पुरवठादाराकडे. पोरांचे पगार, गाळ्याचं भाडं. दिवाळीआधी नानांनी स्वतःची गाडी विकली आणि पैसे गल्ल्यात आणून ठेवले, मला विचारलंसुद्धा नाही. दुकान बंद करून दोघांनी कुठेतरी नोकरी बघावी, इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

नियम बदलले याचा मला राग नाही. सर्च ज्यांचं आहे त्यांना त्याचे नियम ठरवायचा अधिकार आहे, आणि कचरा काढायलाच हवा होता. माझा राग आमच्या जागी येऊन बसलेल्या साईटवर आहे. नाव घेणार नाही. खतं, शेळीपालन, सरकारी योजना, राशिभविष्य, सगळं एकाच ठिकाणी. आमचे नोझलचे लेख त्यांनी उचलले, शब्द इकडचे तिकडे केले आणि कुणा ‘कृषितज्ज्ञा’च्या नावाने छापले. पिवळ्या कागदाच्या लेखात ‘आमच्या दुकानामागच्या बागेत’ हे शब्द जसेच्या तसे राहिलेले! त्यांना दुकान नाही, बाग नाही. फोटोत नानांचा अंगठा, नखावरचा डागही तोच. आणि क्रमांक आमच्या वर.

नोव्हेंबरअखेर निफाडमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. ज्यांच्या बागा वाचल्या त्यांचीही झोप उडालेली, डाऊनी आणि गळकूज (घड गळणं-कुजणं) दोन्हींचं भय. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा फोन. आवाज चढलेला. ‘काय रे, तुमच्या साईटवर नोझलचा प्रवाह ताशी लिटरमध्ये कसा? तो आकडा धरून माझ्या पुतण्याने टाकीचा हिशोब केलाय.’ मी फोन कानाला तसाच धरून पान उघडलं. आमच्या पानावर ‘मिनिटाला’च होतं. पुतण्याने सर्चमध्ये वर दिसलेलं पान उघडलं होतं, फोटो ओळखीचे म्हणून आमचंच समजला होता. शब्द बदलण्याच्या नादात त्यांनी मिनिटाचा तास केलेला. तात्यांनी आकडा बघून वेळेत थांबवलं. ज्यांच्या घरात तात्या नाहीत त्यांचं काय झालं असेल, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या एका एजन्सीने आम्हाला उपाय सुचवला. जुने लेख काढून टाका, एआयकडून शेकड्यांनी नवे लिहून घ्या, प्रत्येक तालुक्याच्या नावाचं एक पान करा. नानांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. मार्च २०२४ मध्ये गूगलने ढिगाने पाडलेल्या मजकुराविरुद्धचं धोरण जाहीर केलं. त्या एजन्सीचं ऐकलं असतं तर आज हे लिहायला आमच्याकडे साईटच नसती.

आम्ही केलं ते असं. मूळ फोटोंच्या फाईली कॅमेऱ्यातून काढल्या तशाच ठेवलेल्या होत्या, तारखांसकट. त्या जोडून हक्कभंगाच्या तक्रारी भरल्या, पानागणिक वेगळ्या. फोटो हटले, पण शब्द फिरवलेले असल्याने मजकुरावरचा वाद लांबत राहिला. स्क्रीमिंग फ्रॉग या साईट तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने आपली साईट पिंजून काढली. त्याची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते, आमच्याएवढ्यांना पुरते. तुटके दुवे बुजवले, प्रत्येक लेखाखाली चाचणी कुणी, कुठल्या बागेत, कुठल्या साली घेतली ते लिहिलं. आणि तात्यांनी त्यांच्या परीने जे केलं त्याची परतफेड होणार नाही. ओळखीच्या बागायतदारांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या साईटचा पत्ता टाकला, खाली लिहिलं, ‘नेटवर शोधू नका, इथे जा.’ आयुष्यात उधार न नेलेल्या माणसाने पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ आणून दिले. डिसेंबरचे चेक वटले ते त्यामुळे.

मार्च २०२४ चा कोअर अपडेट, म्हणजे गूगलच्या क्रमवारीतला मोठा बदल, ५ मार्चला सुरू झाला आणि १९ एप्रिलला संपला. पंचेचाळीस दिवस रोज सकाळी आलेख उघडायचा, काही हललेलं नसायचं. पण ती दुसरी साईट मात्र खाली गेली. ऑगस्टच्या अपडेटच्या वेळी छोट्या साईटवाल्यांचं म्हणणं विचारात घेतल्याचं गूगलने सांगितलं, आणि त्यानंतर आमचे नोझलचे लेख हळूहळू पहिल्या पानावर परतले. सगळे नाही. पंप दुरुस्तीचे अजूनही मागेच आहेत, आणि त्यात काय कमी आहे हे मला कुणी दाखवून द्यावं. त्याच ऑगस्टमध्ये भारतात इंग्रजी आणि हिंदीत एआयची उत्तरं सर्चच्या माथ्यावर दिसू लागली. मराठीतही ते सर्रास झालं की लेख उघडण्याआधीच आकडा मिळेल, मग तो कुणी कुठल्या बागेत मोजला हे कोण बघणार?

साईट चालवणाऱ्या मित्रांनो, सर्च कन्सोल सोळा महिन्यांपलीकडचे आकडे ठेवत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला एक्सेलमध्ये उतरवून घ्या. नानांनी उतरवले होते म्हणून हंगामाची तुलना हंगामाशी करता आली, नाहीतर पावसाळ्यातली मंदी आणि अपडेटचा फटका वेगळा कळला नसता. मूळ फोटो कधी पुसू नका. फोटोत स्वतःचा हात, स्वतःचं अवजार येऊ द्या. अपडेट चालू असताना मथळे बदलत बसू नका, तो पूर्ण होऊ द्या. वाचकाचा फोन नंबर, त्याच्या परवानगीने, स्वतःच्या वहीत असू द्या. आमच्याकडे आता हंगामाआधी थेट निरोप जातो, आणि निम्म्या ऑर्डर सर्चला वळसा घालून येतात.

नानांनी परत गाडी घेतली आहे. तात्यांच्या बागेत यंदा नव्या चकत्यांची चाचणी झाली, लेख तयार आहे. तात्यांनी एक शंका काढली आहे, तेवढी तपासून टाकतो. आणि ती साईट आता वेगळ्या नावाने, वेगळ्या डोमेनवर आली आहे. पिवळ्या कागदाचा लेख तिथेही आहे, ‘ताशी’सकट. तक्रार गेल्याच आठवड्यात भरली आहे. तोवर कुणाला नोझलचा प्रवाह ताशी लिटरमध्ये सांगणारं पान दिसलं, तर तो आकडा टाकीच्या हिशोबाला वापरू नका आणि पानाचा पत्ता आम्हाला कळवा.