मूतखड्याचं ऑपरेशन आणि रिपोर्टात न लिहिलेला आकडा

माझ्या उजव्या किडनीत १४ मिलिमीटरचा खडा, तोही सगळ्यात खालच्या कप्प्यात. एका युरॉलॉजिस्टनी लिथोट्रिप्सी सांगितली, म्हणजे बाहेरून शॉकवेव्ह देऊन खडा फोडणं; दुसऱ्यांनी आरआयआरएस, म्हणजे आत दुर्बीण घालून लेसरने. कशावरून, असं दोघांनाही विचारलं. दुसऱ्यांनी सीटी स्कॅनचा रिपोर्ट पुन्हा वाचला आणि म्हणाले, "ताई, खडा किती टणक आहे ते यात लिहिलेलंच नाही. एचयू घेऊन या, मग पक्कं सांगतो."

एचयू म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. तो साधारण १०००च्या वर असला तर बाहेरून दिलेल्या शॉकवेव्हने खडा फुटणं अवघड असतं. म्हणजे माझं सगळं त्या एका आकड्यावर अडलेलं.

स्कॅन सेंटरवर गेले. काउंटरवर उत्तर मिळालं, "सही झालेला रिपोर्ट बदलत नाही." म्हटलं, बदलू नका, खाली एक ओळ जोडा. डॉक्टर संध्याकाळी येतात म्हणाले. संध्याकाळी गेले तर ते येऊन गेलेले. बरं, सीडी द्या, आमचे डॉक्टर मोजतील. तर सीडी हवी असेल तर स्कॅनच्या दिवशीच सांगायला हवं होतं! शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तीन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला कंबरेत इतकं दुखायला लागलं की तिथल्याच बाकावर आडवी झाले, तेव्हाही मला पावती मागितली. स्कॅनचे पूर्ण पैसे घेतलेले. कॉम्प्युटरवर खड्यावर एक गोल काढला की आकडा समोर येतो, एवढंच काम. आजही आठवलं की संताप होतो. शेवटी लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच मागितली. अर्ध्या तासात रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले आणि ओळ जोडून दिली: १२८० एचयू.

तुम्ही स्कॅनच्या दिवशीच सीडी मागून घ्या आणि रिपोर्ट हातात पडताच एचयू बघा.

लिथोट्रिप्सीचा विषय तिथेच संपला. एक तर खडा टणक, त्यात खालच्या कप्प्यातले तुकडे वर चढून लघवीवाटे निघणं कठीण. उरले पीसीएनएल आणि आरआयआरएस. पीसीएनएलमध्ये पाठीतून छिद्र पाडून खडा काढतात. २० मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्याला सहसा तेच सुचवतात, कारण मोठा खडाही बहुतेक एका वेळी साफ होतो. पण रक्तस्रावाचा धोका जास्त. आरआयआरएसमध्ये लघवीच्या मार्गाने लवचीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खड्याचा चुरा करतात. माझा खडा मधल्या मापाचा, छिद्र नको होतं, म्हणून मी आरआयआरएस घेतलं. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी.

हो, विम्याचं राहिलं. बऱ्याच पॉलिसींत मूतखड्याला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तारीख ठरवण्याआधी पॉलिसी काढून वाचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. लघवीचा कल्चर रिपोर्टही ऑपरेशनच्या आधी हातात हवा. माझ्यात जंतुसंसर्ग निघाला आणि औषधं घेऊन आठवडाभर थांबावं लागलं.

मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो डीजे स्टेंटने, म्हणजे ऑपरेशननंतर किडनीपासून मूत्राशयापर्यंत काही दिवस आत ठेवलेल्या बारीक नळीने. लघवी करताना पाठीपर्यंत कळ जायची, सारखं जावंसं वाटायचं. बाराव्या दिवशी काढला, पाच मिनिटांचं काम. काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण विसरून आत राहिलेल्या स्टेंटवरच नवे खडे जमतात.