भातगिरणीचे पाने

आमच्या भाऊदादाने गुरं विकली आणि मांगरात एमजी टीसी ही जुनी विलायती मोटारगाडी आणून उभी केली. उभी म्हणजे ओंडक्यांवर. तिची तारांची चाकं पडवीत भिंतीला टेकलेली असतात आणि वहिनी त्यांवर खुशाल पायपुसणी वाळत घालते. परवा जेवणं आटोपून घर आडवं झालं, तेव्हा मी मांगरात डोकावले. दादा गाडीखाली होता. नुसता हात बाहेर आला. "पाना दे गो. तो नको, काकांचा दे."

काकांचे पाने! किंतानाची ती गुंडाळी कितीतरी वर्षांनी हातात आली. आचऱ्याला काकांची भातगिरण होती. विलायती ऑइल इंजिन, लांबलचक पट्टा, उकड्या भाताचा आणि डिझेलच्या धुराचा एकत्र वास, आणि दळायला आलेल्या प्रत्येकाच्या भुवयांवर कोंडा. पट्टा फिरायला लागला की बायका पदर खोचून मागे सरकत. इंजिनाजवळ जायची आम्हा पोरांना बंदी, पण पाने पुसायचं काम माझं, आणि ते मी कुणाला देत नसे. मात्र त्यांवरच्या आकड्यांचा मला राग यायचा. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड मोजलं तर अर्ध्या इंचाहून थोडं जास्तच भरायचं. कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी काकांशी भांडले होते. ते म्हणाले, "आकडा बोल्टच्या दांड्याचा गो, डोक्याचा नाही." जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये आट्यांची मापं ठरवली, त्यातून आलेली ही रीत. मला ती तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. पाना ज्याला बसतो त्याचं माप लिहा की!

काका गेले, गिरण मोडीत गेली. पाने राहिले, कारण ते दुसऱ्या कशालाच बसत नव्हते. या गाडीला बसतात. टीसी १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनत असे. इंजिन १२५० सीसीचं, आणि त्यात एक गंमत आहे. बोल्टची डोकी व्हिटवर्थची, आटे मात्र मेट्रिक! इंजिनं करणारा तो कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, त्यामुळे यंत्रं सगळी मिलिमीटरवाली. १९२३ मध्ये मॉरिस या इंग्रज मोटारवाल्याने तो विकत घेतला आणि आटे तसेच चालू ठेवले. डोकी तेवढी इंग्रजी, म्हणजे गॅरेजवाल्याला नवे पाने घ्यायला नकोत. भुर्दंड दादाला. एक बोल्ट हरवला की लेथवाल्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पण इंजिनाचं काय, ते लोखंड आहे. दाराचा पत्रा सोलला तर आत लाकूड निघालं. ॲशच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा, आणि सांगाड्यात आमची वाळवी. बोटाने दाबलं की भुगा. होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या सुतारांना बोलावलं. त्यांनी पटाशीच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहिलं, थोडा भुगा हुंगला आणि म्हणाले, "म्हणजे गोऱ्यांकय सुतार लागलोच." मग त्यांनी पुठ्ठ्यावर नमुना कापून शिवणीच्या लाकडाचा नवा खांब घडवला आणि वर काजूच्या टरफलाचं तेल फासलं. होडीला फासतात तेच. मांगरात दोन दिवस नाक धरून वावरावं लागलं.

मुंबईहून आलेल्या एका जाणकाराने तोंड वाकडं केलं. ॲशच हवं, नाहीतर गाडी अस्सल राहत नाही म्हणे. इथे दर मे महिन्यात शाकारणी होते, कुजके वासे जातात, फुटकी कौलं जातात, आणि घर आजोबांचंच राहतं. त्यांना चहा दिला, आंबोळ्या दिल्या, वाद घातला नाही.

"झाली की जाणार कुठे?" मी गाडीखालच्या पायांना विचारलं.

"मालवणच्या बाजारात. मासळीला."

"डिकी कुठाय हिला?" मागे नुसती पेट्रोलची उभी टाकी आणि तिच्यावर स्टेपनी.

"पिशवी तू मांडीवर घे."

बांगडे असतील तर घेईन. सुरमई मिळाली तर मी आपली एसटीने येणार.