डावीकडचा कल

श्रावणातला शनिवार, सकाळचे पावणेसात. रात्रभर पाऊस झाल्याने मैदानाचा मधला पट्टा चिखल झाला होता, म्हणून कडेच्या रेती टाकलेल्या वर्तुळातच फेऱ्या चालू होत्या. आमच्या चिकू या तट्टावर सात वर्षांचा मुलगा बसला होता. वजन 19 किलो, सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पायांत ताठरपणा. पुढे दोर धरून साईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे चाचा, दोन्ही बाजूंना एकेक स्वयंसेवक, मागून चालणाऱ्या फिजिओ मॅडम. सातव्या फेरीला मॅडमनी हात वर केला.

"थांबवा. पुन्हा डावीकडे चाललाय."

सलग चौथ्या आठवड्यात हेच होत होतं. त्याआधीच्या तीन आठवड्यांत पोरगं छान सुधारलं होतं. आधी दोन्ही हातांनी पट्ट्याची कडी घट्ट धरून बसायचं, नंतर एक हात सोडून रिंग खांबावर टाकायला लागलं. मग अचानक डावीकडे कलायला लागलं. उजवा खांदा वर, डाव्या कमरेत घडी. सेरेब्रल पाल्सीत मांडीचं हाड खुब्याच्या वाटीतून हळूहळू सरकण्याची भीती असते, त्यामुळे कल दिसला की पहिली शंका खुब्यावर. आईवडिलांना एक्स-रे काढून आणायला सांगितलं होतं. त्यांनी तो काढला, हाडांच्या डॉक्टरांना दाखवला. खुबा जागेवर होता.

आमच्याकडे मुलं घोडेस्वारी शिकायला येत नाहीत, उपचार म्हणून घोड्यावर बसतात. संथ चालणाऱ्या घोड्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वळत हलते, आणि माणूस चालताना कमरेचं हाडही साधारण तसंच हलतं. जे मूल स्वतःच्या पायांवर कधी नीट चाललेलं नाही, त्याच्या कमरेला ही हालचाल घोड्याकडून मिळते, मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं या हिशेबाने. वीस मिनिटांत दोन हजार पावलं झाली. शिवाय घोड्याचं अंग माणसापेक्षा किंचित गरम असतं आणि पाठ रुंद, त्यामुळे आत ओढलेल्या मांड्या हळूहळू सैल होतात. म्हणून आम्ही खोगीर घालतच नाही; जाड नमद्याचा पॅड आणि वर दोन कड्यांचा पट्टा, बस्स.

त्यानंतरची पाळी दहा वर्षांच्या मुलीची, डाउन सिंड्रोम. अशा मुलांच्या मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात, म्हणून डॉक्टरांनी मान तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय त्यांना चढवायचं नाही. हिची परवानगी होती. हिचे स्नायू त्या मुलाच्या अगदी उलट, मऊ आणि सैल. चौथ्या फेरीला मी वर्तुळाच्या मागच्या टोकाला उभी होते. तिच्या पाठीवरची वेणी मध्यावरून डावीकडे आलेली दिसली. फेरीगणिक आणखी डावीकडे.

एक मूल ताठर, एक सैल, आणि दोघं एकाच बाजूला कलताहेत. मग दुखणं मुलांचं कसं असेल?

मुलीला उतरवून आम्ही आधी सोप्या शंका निकालात काढल्या. स्वयंसेवक मुलाच्या मांडीवर हात आडवा ठेवून चालतो. एकाचा हात जड पडला तरी मूल दुसरीकडे झुकतं. दोघांच्या बाजू बदलल्या. पॅड एका बाजूला दबला असेल म्हणून तो उलटा फिरवला. वर्तुळ डावीकडून घेताना मूल आत झुकतं, म्हणून दिशा बदलून उजवीकडून घेतलं. मग आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर आणि त्याच्या रेषेत पॅडवर खडूने एक रेघ मारली आणि तिसऱ्या मुलाला चढवलं. हा स्वमग्न मुलगा, शरीराने धडधाकट. दहा मिनिटांनी पॅडवरची रेघ तीन बोटं डावीकडे सरकली होती, तीही वर्तुळ उजवीकडून घेत असताना.

चाचा पूर्वी दक्षिण मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाडी हाकायचे. 2015 साली उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्यावर इकडे आले. रेघेकडे बघून म्हणाले, "ताई, हा लंगडत नाहीये. पण मागून डावा आहे." मागून डावा म्हणजे काय ते त्यांना शब्दांत सांगता येईना.

ते मोजता येतं. घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणाच्या वरच्या भागावर, दोन्ही बाजूंना हाडाचं टोक हाताला लागतं, तिथे पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला. गेटजवळ वीसेक मीटर पेव्हर ब्लॉक आहेत, सपाट आणि कडक. तिथे चाचांनी दोर ढिला सोडून चिकूला दुडक्या चालीने पळवलं आणि मी मागून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. साध्या चालीत बारीक लंगडणं लपतं, दुडकीत लपत नाही. दोर मात्र ढिलाच हवा, कारण डोकं ओढून धरलं की घोडा सरळ दिसतो. चित्रणात उजवी पट्टी बेताने वर-खाली होत होती. डावी प्रत्येक पावलाला वर उसळून खोल जात होती. मागचा पाय दुखला की त्या बाजूचा पुठ्ठा जास्त हलतो आणि पाठीवरचं ओझं बहुतेकदा त्याच बाजूला सरकतं.

मागचा डावा पाय उचलला. नखाचं टोक उजव्यापेक्षा जास्त झिजलेलं, म्हणजे पाय घासत टाकत होता. खुराच्या तळाला मधोमध त्रिकोणी रबरासारखा भाग असतो, नालबंद त्याला पुतळी म्हणतात. तिच्या मधल्या फटीत खूर साफ करायचा हूक हलकेच घातला तर तो दीड सेंटीमीटर आत गेला, चिकूने पाय हिसकला आणि काळी बुळबुळीत घाण बाहेर आली. तिचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. सडलेल्या बोंबलाच्या जवळपास जातो. खूर कुजला होता.

एकाच पायाला का, ते ठाणात गेल्यावर कळलं. पत्र्याच्या जोडातून मागच्या डाव्या कोपऱ्यात गळत होतं. चिकूला तोंड दाराकडे करून बांधतात, म्हणजे नेमका तोच पाय दिवसरात्र ओल्या लिदीत. त्यात नालबंद नऊ आठवडे फिरकला नव्हता. खरं तर सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा. चातुर्मासात लग्नं नाहीत, वरातीचे घोडे रिकामे, म्हणून तो गावी गेलेला. टाचा वाढून आत वळल्या, फट अरुंद झाली आणि घाण आतच अडकली. खूर रोज साफ होत होते, पण वरवर. त्या फटीत कोणी हूक घालून बघत नव्हतं.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. तबेल्याच्या वहीत साईसने तीन वेळा लिहून घेतलं होतं: "चिकूचा पॅड सरकतो, तंग एक घर आवळला." (तंग म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा.) त्याच तारखांना फिजिओ मॅडमच्या वहीत: "डावीकडे कल वाढला." दोन्ही वह्या एकाच कपाटात, एकीवर एक.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्यायचं तर टेम्पो, ट्रॅफिक आणि पाऊस, म्हणून पशुवैद्यांनाच तबेल्यात बोलावलं. त्यांनी पुतळीचा सुटलेला, कुजका भाग कापून फट उघडी केली, रक्त येईल इतकी नाही. धनुर्वाताची लस दिली, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि खुराची जखम हे त्याचं नेहमीचं दार. मग आमचं रोजचं काम: फट मिठाच्या पाण्याने धुवायची, पूर्ण कोरडी करायची, पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवून पिळलेला कापूस आत दाबायचा आणि दुसऱ्या दिवशी तो काढून नवा घालायचा. जुना कापूस आत राहिला तर तोच कुजतो. काही तबेल्यांत फॉर्मेलिन ओततात. जिवंत भागावर ते जाळतं, घोडा पुढे पाय हातात देत नाही. मला तो प्रकार अजिबात मान्य नाही. पत्र्याचा जोड बसवला, ठाणात रबरी चटया आणि वर हातभर नाही पण चांगला चार बोटं लाकडाचा भुसा. वेदनाशामक देऊन काम चालू ठेवा असंही एकाने सुचवलं. पण मुलाच्या कमरेला मिळणारी चालच वाकडी असेल तर त्या वीस मिनिटांचा उपयोग काय?

चिकू चार आठवडे बंद, आणि उरली दोन तट्टं. मुंबईत पावसाळ्यात हा हिशेब अवघड असतो. फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज 150 च्या वर गेली की घोड्याचा घाम नीट वाळत नाही. ऑगस्टमधल्या सकाळी 79 अंश आणि 90 टक्के म्हणजे 169. म्हणून एका तट्टावर जास्तीत जास्त तीन मुलं, फक्त चाल, आणि साडेआठला बंद. वजनाचंही बघावं लागतं. चिकूच्या छातीचा घेर 146 आणि खांद्यापासून ढुंगणापर्यंत लांबी 128 सेंटीमीटर. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880 म्हणजे 230 किलो. त्याच्या 15 टक्के, म्हणजे साडेचौतीस किलो एवढंच ओझं; त्यातून सामानाचे 5 वजा केले की मुलासाठी साडेएकोणतीस. दुसरी दोन्ही तट्टं त्याहून लहान, तेव्हा मोठ्या मुलांना महिनाभर नुसतं खरारा करणं आणि चारा घालणं यावर थांबवलं. पालकांचे फोन आले, ते साहजिकच होतं.

पुढच्या शनिवारी त्या सात वर्षांच्या मुलाला घोडीवर बसवलं. वीस मिनिटं खांदे सरळ. त्याच्या आईला सगळं सांगितलं, चित्रणही दाखवलं. तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे एक्स-रे घोड्याचा काढायला हवा होता." एक्स-रेचे पैसे आम्ही परत केले. तिने घेतले.

पाचव्या आठवड्यात चिकूला पुन्हा पेव्हर ब्लॉकवर पळवलं, पट्ट्या लावून. दोन्ही सारख्या हलत होत्या. पॅड घातला, रेघ मारली, पहिल्या रेघेच्या वेळचाच मुलगा बसवला. उतरवल्यावर मॅडम आणि चाचा दोघंही आधी रेघेकडे वाकले. अर्धं बोट डावीकडे. चाचा म्हणाले, "एवढा तर तो पहिल्यापासून आहे." मॅडमनी वहीत तेच लिहिलं, आणि शेजारी तबेल्याच्या वहीचं पान जोडलं.