एकशे तीन

पर्वतीला एकशे तीन पायऱ्या आहेत, असं लहानपणापासून ऐकत आलेय. माझ्या मोजणीत त्या कधी सत्त्याण्णव भरतात, कधी एकशे सात. साठाच्या आसपास हमखास कुणीतरी भेटतं, "काय, आज उशीर?" म्हणतं आणि आकडा जातो तो जातोच. पायथ्याची पहिली बुटकी पायरी धरायची की सोडायची, यावर तर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

पुण्यात हिला ट्रेक म्हणायची सोय नाही. "पर्वती करून आलो" म्हणायचं, भाजी घेऊन आलो म्हणावं तसं. पाठीला सॅक लावून चढणारा माणूस बाहेरगावचा समजावा. आमच्या इथल्या बायका नऊवारी-पाचवारीखाली स्पोर्ट्स शूज घालून, मुलाच्या लग्नाची बोलणी करत करत वर पोचतात.

तरी पायऱ्या वाटतात तितक्या साध्या नाहीत. हत्तीघोडे चढावेत म्हणून ऐसपैस ठेवल्या, असं सांगतात. हत्तीचं मला माहीत नाही, पण माणसाच्या पावलाला त्या अडनिड्या आहेत. एका पावलात संपत नाहीत आणि दोन टाकली तर दुसरं उगाच पडल्यासारखं वाटतं. मग एकच पाय सारखा पुढे येत राहतो. वर पोचेपर्यंत माझा उजवा गुडघा चढलेला असतो, डावा नुसता सोबत आलेला.

वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं. पानिपतानंतर, १७६१च्या जूनमध्ये, नानासाहेब गेले तेही इथंच. आणि ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई चालू असताना दुसरे बाजीराव इथं वर उभे राहून ती पाहत होते. आपलं राज्य जाताना इतक्या चांगल्या जागेवरून पाहायला मिळालेला दुसरा राजा मला तरी आठवत नाही. त्या बाजूला आता लढाई झाली तरी दिसणार नाही, इतक्या इमारती मध्ये आहेत.

आम्ही लोक कठड्याशी उभे राहतो ते काही इतिहासासाठी नाही. प्रत्येक जण स्वतःचं घर शोधत असतो. समोर सारसबागेची हिरवळ. तिथं पूर्वी तळं होतं, म्हणून आतला गणपती अजून तळ्यातलाच. मागे तळजाईची झाडी. नैर्ऋत्येला हवा स्वच्छ असेल तर सिंहगड, डोक्यावर टीव्हीचा मनोरा खोवलेला. हे सगळं पाच मिनिटांत बघून होतं आणि मग बोटं सुटतात. "तो पांढरा टॉवर दिसतोय ना, त्याच्या डावीकडे... नाही, त्याच्या मागचा." माझ्या लहानपणी बाबा मला आमची कौलं आणि शेजारचा कडुलिंब दाखवायचे. पुढे कौलं गेली, मग कडुलिंब गेला. आता मी मुलीला दाखवते ती आमच्या पुढच्या इमारतीची पाण्याची टाकी. तीसुद्धा तिथं उभी राहून मान डोलावते, जशी मी डोलवायचे. मलाही तेव्हा काही दिसत नव्हतं.

त्याच डोंगराच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथल्या घरांना कठड्यावरून शोधावं लागत नाही, पत्रे अगदी पायाखालीच. खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन गल्लीतला चढ चढणारा माणूस तिथं पायऱ्या मोजत नसेल. त्याच्याकडून दमाची गोष्ट ऐकायला मला आवडेल, पण विचारणार कोण? आणि याच डोंगरावर १९२९च्या ऑक्टोबरात मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. दलित माणसं या एकशे तीन पायऱ्या चढून आली आणि दार बंद होतं. वर दगडही खाल्ले. मी शाळेत असताना सहलीला आलो, तेव्हा पेशव्यांच्या पगड्या-तलवारींबद्दल भरपूर सांगितलं होतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेव्हापासून वरच्या दारातून आत जाताना थोडी थबकते. बाकी काही करत नाही, खोटं कशाला सांगू.

उतरताना ते काका भेटतात. सत्तरीचे असतील, डोक्याला मफलर, अगदी मे महिन्यातसुद्धा. रोज तीन फेऱ्या. आमची दहा वर्षांची ओळख आहे आणि नाव मला माहीत नाही. एकदा बसस्टॉपवर मफलरशिवाय दिसले, तेव्हा ओळखलंच नाही मी. त्यांनीच हाक मारली.

काल मी बत्तीसवर होते, तेवढ्यात ते समोरून चढत आले.

"ताई, मोजताय वाटतं?"

"हो काका, आज अगदी बरोबर चाललंय."

"मोजू नका. मोजलं की दम लागतो," असं म्हणून ते दोन पायऱ्या वर गेले, थांबले, आणि मागे न बघता म्हणाले, "आणि पहिली बुटकी धरू नका. ती नंतर बसवलीय."

माझे बत्तीस तिथंच राहिले.